आधी झोपेचं विचारा

‘कशी आहेस?’ असं विचारलं, की वसतिगृहातली कुठलीही मुलगी ‘बरी आहे मॅम’ म्हणून मोकळी होते. ‘झोप लागते का गं नीट?’ असं विचारलं, की थांबते. मग हळूहळू बोलायला लागते. दोन-दोन वाजेपर्यंत डोळा लागत नाही, लागला तर पहाटे उघडतो, सुट्टीच्या दिवशी दुपारपर्यंत झोपूनही अंग जडच राहतं. मन बरं नाही हे सांगायला जिची जीभ रेटत नाही, ती झोपेबद्दल मात्र बोलते, कारण झोप न येण्यात कुणाला कमीपणा वाटत नाही.

मी संख्याशास्त्र शिकवते आणि बऱ्याच वर्षांपासून मुलींच्या वसतिगृहाची रेक्टर आहे. मानसोपचार हे माझं क्षेत्र नव्हे. पण शोधनिबंध वाचायची सवय आहे, आणि ज्या वयाच्या मुलांवर ते लिहिलेले असतात त्या वयाच्या मुली माझ्या दारासमोरून दिवसभर ये-जा करत असतात. झोप, व्यायाम आणि नैराश्य या तिघांबद्दल मला जे पटलं आहे ते लिहून ठेवते आहे. ज्यांच्या घरात, वर्गात किंवा शेजारच्या कॉटवर असं एखादं मूल आहे आणि ‘लवकर झोप, लवकर ऊठ, जरा व्यायाम कर’ याच्यापुढे काय बोलावं ते सुचत नाही, त्यांच्यासाठी मुख्यतः.

विशीतली मुलं उशिरा झोपतात याचा सगळा दोष मोबाइलवर टाकणं मला पटत नाही. वाढत्या वयात शरीराचं घड्याळ उशिराकडे सरकत जातं, साधारण विसाव्या वर्षाच्या सुमारास ते सर्वांत उशिरावर असतं आणि तिथून पुन्हा लवकरकडे वळतं. टिल रोनेबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ मध्ये हे मोठ्या पाहणीतून दाखवलं. मुलींमध्ये हे वळण मुलांपेक्षा थोडं आधी येतं, हेही त्यात दिसलं. म्हणजे ज्या वयात सकाळी आठच्या लेक्चरला हजेरी लागते, नेमकं त्याच वयात शरीर मध्यरात्रीनंतर झोप मागत असतं. आठवडाभर झोप तोडायची आणि सुट्टीच्या दिवशी भरून काढायची, या ओढाताणीला त्याच गटाने पुढे ‘सोशल जेटलॅग’ हे नाव दिलं.

म्हणून उशिरा झोपणारी प्रत्येक मुलगी मला आजारी वाटत नाही. रात्री दीडला झोपून साडेनवाला उठणारी आणि संध्याकाळी मैत्रिणींबरोबर खिदळणारी मुलगी ठणठणीत असते. झोपेची तऱ्हा पालटली, की मी कान टवकारते. पडल्या पडल्या झोपणारी आता छताकडे बघत पडून राहते. पहाटे चारला जाग येते, पुन्हा डोळा लागत नाही, आणि दिवसातली सर्वांत वाईट वेळ तीच असते. किंवा याच्या अगदी उलट, बारा तास झोपूनही शीण तसाच. त्यातच जे आवडायचं त्याची गोडी गेली, जेवण तुटलं, आंघोळ लांबणीवर पडायला लागली आणि हे सगळं दोन आठवडे टिकलं, तर मी ‘परीक्षेचा ताण असेल’ म्हणून सोडून देत नाही. नैराश्य चाचपून बघायला जगभर वापरतात त्या पीएचक्यू-९ या प्रश्नावलीतही मागच्या दोन आठवड्यांबद्दलच विचारतात. तिच्या नऊ प्रश्नांतला तिसरा झोपेचा आहे. झोप न लागणं आणि फार झोपणं, दोन्ही त्या एकाच प्रश्नात येतं.

इथे माझ्यातली संख्याशास्त्राची शिक्षिका जागी होते. ‘विद्यार्थ्यांमध्ये झोप आणि नैराश्य यांचा घट्ट संबंध आढळला’ असं सांगणाऱ्या पाहण्या पुष्कळ आहेत. पण नैराश्य मोजायच्या पट्टीतच झोपेचा प्रश्न असेल, तर ज्याची झोप बिघडली त्याचे नैराश्याचे गुण थोडे वाढणारच. सहसंबंध तितका फुगूनच येतो. शिवाय एकाच दिवशी दोन्ही गोष्टी विचारल्या, तर आधी काय बिघडलं ते कळत नाही. अशा बातम्या वाचताना मी म्हणूनच दोन गोष्टी बघते: माणसांचा काही वर्षं माग ठेवला होता का, आणि कुणी झोप सुधारून पुढे काय होतं ते पाहिलं का.

दोन्ही झालं आहे. २०११ मध्ये कियारा बाग्लिओनी आणि सहकाऱ्यांनी माग ठेवलेले एकवीस अभ्यास एकत्र केले. सुरुवातीला नैराश्य नसलेल्या, पण निद्रानाश असलेल्या लोकांना पुढे नैराश्य येण्याची शक्यता इतरांच्या सुमारे दुप्पट निघाली. म्हणजे झोप मोडणं हा नुसता परिणाम नाही, ती कित्येकदा आधी येते.

दुसरा अभ्यास खास विद्यार्थ्यांवरचा आहे, म्हणून मला जास्त मोलाचा वाटतो. ऑक्सफर्डच्या डॅनियल फ्रीमन यांच्या गटाने २०१७ मध्ये तो प्रसिद्ध केला. ब्रिटनमधल्या २६ विद्यापीठांतले, निद्रानाश असलेले ३,७५५ विद्यार्थी घेतले आणि चिठ्ठ्या टाकाव्यात तसे त्यांचे दोन गट पाडले. एका गटाला निद्रानाशावरचा ऑनलाइन उपचार दिला. त्यात गोळ्या नव्हत्या; झोपेच्या सवयी आणि झोपेबद्दलचे विचार बदलायला शिकवणारी सत्रं होती. दुसरा गट नेहमीसारखाच राहिला. दहा आठवड्यांनी पहिल्या गटाची झोप सुधारली होतीच, पण लोक आपल्या वाईटावर आहेत असं वाटणं कमी झालं होतं आणि नैराश्य व चिंताही उतरली होती. बरीच मुलं कार्यक्रम अर्ध्यावर सोडून गेली, ही त्यातली उणीव आहे आणि ती लहान नाही. तरीही एक गोष्ट उरतेच. फक्त झोपेला हात घातला आणि मन थोडं हललं.

व्यायामाचं प्रकरण जास्त गुंतागुंतीचं आहे, कारण त्याबद्दल लोक फार ठासून बोलतात. ड्यूक विद्यापीठात जेम्स ब्लुमेन्थल यांनी १९९९ मध्ये केलेला प्रयोग सगळीकडे सांगितला जातो. नैराश्याचे १५६ रुग्ण, सोळा आठवडे. काहींना व्यायाम, काहींना सर्ट्रालिन ही गोळी, काहींना दोन्ही. शेवटी तिन्ही गट जवळजवळ सारखे सुधारले. इतकं ऐकून लोक ‘बघा, गोळ्यांची गरजच नाही’ म्हणतात. ते सगळे रुग्ण पन्नाशी ओलांडलेले होते, स्वतःहून प्रयोगात आले होते, आणि सुरुवातीचा उतार गोळीने लवकर पडला होता, हे कुणी सांगत नाही. एकोणीस वर्षांच्या मुलीची चालू गोळी या आधारावर बंद करायला सांगणं हा धोका आहे, आणि हे मी आई-वडिलांना तोंडावर सांगते.

त्याहून मला नॉर्वेतली पाहणी जास्त कामाची वाटते. सुमारे ३४,००० माणसांचा अकरा वर्षं माग, निष्कर्ष २०१८ मध्ये आले. आठवड्याला जेमतेम एक तास शारीरिक हालचाल करणाऱ्यांनाही पुढे नैराश्य येण्याचं प्रमाण कमी दिसलं, आणि ती हालचाल किती जोरकस होती याने विशेष फरक पडला नाही. २०२४ मध्ये २१८ प्रयोग एकत्र करून पाहिले, त्यात चालणं, धावणं, योगासनं, वजनं उचलणं या सगळ्यांनी नैराश्य कमी झालेलं दिसलं. अर्थात व्यायाम करणाऱ्याला आपण व्यायाम करतो आहोत हे माहीत असतंच, गोळीसारखी खोटी पुडी देता येत नाही, म्हणून अशा आकड्यांवर मी डोळे मिटून विश्वास टाकत नाही. पण इतक्या ठिकाणांहून बाण एकाच दिशेला दिसले, की ती दिशा धरायला मला हरकत वाटत नाही.

झोप आणि व्यायाम ही दोन वेगळी औषधं समजू नयेत, हे मला सर्वांत आवर्जून सांगायचं आहे. अलेक्झांडर बोर्बेली यांनी १९८२ मध्ये मांडलेलं झोपेचं गणित साधं आहे. जितका वेळ जागे, तितका झोपेचा दाब वाढतो. आणि शरीराचं घड्याळ ठरवतं, की तो दाब कधी मोकळा व्हावा. मेंदूत दिवसभर साठत जाणारं अडेनोसिन हे रसायन त्या दाबाचा एक भाग. कॉफी त्याचीच वाट अडवते, आणि तिचा निम्मा अंश शरीरातून जायला साधारण पाच तास लागतात. आता नैराश्यातल्या मुलीचा दिवस बघा. ती पलंगावरच असते. तिथेच मोबाइल, तिथेच अधूनमधून डुलकी, तिथेच रडणं. पडदे ओढलेले, म्हणजे घड्याळ लावून देणारा सकाळचा उजेड डोळ्यांना मिळालेला नाही. अंग हललेलं नाही. दिवसभर येता-जाता तोंडात काहीतरी टाकलं की जेवणाच्या वेळी भूक मरते, तशी रात्री तिची झोप मेलेली असते. आणि झोप नाही म्हणून सकाळी उठवत नाही. सकाळी बाहेर चालायला नेलं, तर उजेड, हालचाल आणि उठायची वेळ ही तिन्ही एकदम हाती लागतात. म्हणून मला जिमपेक्षा सकाळचं चालणं जास्त आवडतं.

पण नेणार कसं?

दुसऱ्या वर्षाची एक मुलगी होती. खोलीतल्या दोघी तिला रोज सांगायच्या, ‘ऊठ ना, चल ना, बरं वाटेल.’ त्यांचा जीव तुटत होता आणि ती आणखी मिटत चालली होती. एका सकाळी मी गेले आणि म्हटलं, ‘मला फेरी मारायची आहे. कंपनी देशील?’ ती उठून बसली. एक मोजा चढवला. दुसरा हातात धरून बसली. बघत राहिली त्याच्याकडे. चांगली पाच-सात मिनिटं गेली असतील. तिच्या चेहऱ्यावर नको म्हणण्याचा हट्ट नव्हता, आळस तर नव्हताच. हात आणि इच्छा यांच्यामधली दोरीच सुटलेली असावी असं दिसत होतं. बाहेरून बघणाऱ्याला तो आळस वाटतो, आणि मग उपदेश सुरू होतो. मी काही बोलले नाही, शेजारी बसून राहिले. मग म्हटलं, ‘आण तो इकडे.’ तिने मोजा माझ्याकडे दिला नाही, स्वतःच घातला. बुटाच्या नाड्या तशाच लोंबत ठेवून आम्ही बाहेर पडलो आणि मैदानाच्या एका कडेने त्या टोकापर्यंत जाऊन परत आलो. पूर्ण फेरीसुद्धा नाही. वाटेत काही बोलणं झालं नाही. तिने विचारलं फक्त एवढंच, ‘उद्या पण याल?’

‘हो. साडेसातला.’

ते साडेसात आम्ही धरून ठेवले. झोपायची वेळ ठरवून उपयोग नसतो, कारण झोप हुकमाने येत नाही. उठायची वेळ ठरवता येते. रात्री कितीलाही डोळा लागो, सकाळी साडेसातला पडदा उघडायचा. पलंग फक्त झोपेसाठी, अभ्यास आणि मोबाइल टेबलावर. वीसेक मिनिटांत झोप आली नाही तर उठायचं, मंद दिव्यात खुर्चीत बसायचं, पेंग आली की परत जायचं. रिचर्ड बूटझिन यांनी १९७२ मध्ये सांगितलेली ही पद्धत आजही निद्रानाशावरच्या उपचाराचा कणा आहे. पलंग म्हटलं की तळमळ, ही मेंदूत बसलेली जोडी सुटावी म्हणून ती आहे. पहिले काही दिवस फार जड गेले, दुपारी तिचे डोळे मिटत होते. दोघी मैत्रिणींना मी सांगितलं, की आता उपदेश बंद. दुपारी तिला टेबलाशी बसवून गप्पा मारा, बस. त्यांनी ते मनापासून केलं.

त्याच आठवड्यात तिला मानसोपचारतज्ज्ञांकडे नेलं, गोळ्या सुरू झाल्या, समुपदेशनही. मग गुण कशाने आला? मला सांगता येणार नाही, आणि एका मुलीच्या बाबतीत ते वेगळं काढायची मला गरजही वाटत नाही. एवढं पाहिलं, की आधी झोप बदलली. ‘मॅम, मन तसंच आहे, पण रात्र लहान झाली,’ असं ती एका सकाळी म्हणाली. मन पुष्कळ मागून आलं. परीक्षेच्या वेळी पुन्हा घसरलं, तेव्हा तिने स्वतःच डॉक्टरांना फोन केला.

दोन ठिकाणी मात्र चालायला नेऊन भागत नाही, उलट सावध व्हावं लागतं. काही मुली सांगतात, की पूर्ण रात्र जागून काढली आणि सकाळी मन एकदम हलकं झालं. हे खोटं नसतं. रात्रभर जागवल्यावर नैराश्य काही काळ उतरतं हे १९७१ पासून नोंदलेलं आहे. पण बहुतेकांच्या बाबतीत पुढच्या झोपेनंतर ते परत येतं, आणि ज्यांना बायपोलर आजार आहे, म्हणजे मन कधी नैराश्यात तर कधी अति उत्साहात जातं, त्यांचं मन अशाने दुसऱ्या टोकाला उसळू शकतं. डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय हा प्रयोग करू नये. एखादी मुलगी ओळीने काही दिवस दोन-तीन तासच झोपते, तरी थकत नाही, भराभर बोलते, पैसे उधळते, मोठमोठे बेत आखते, तर तिला लवकर डॉक्टरांकडे न्या. दुसरं, जी दिवसातून दोनदा धावते आणि जेवण टाळते, तिला ‘वा, किती शिस्त’ म्हणू नका. तिथे व्यायामच आजाराच्या हातात गेलेला असतो.

आणि कुणी ‘जगून काय करायचं’ अशा अर्थाचं बोललं, तर झोप, उजेड, फेऱ्या सगळं बाजूला. सरळ विचारा, ‘जीव द्यायचं मनात येतं का?’ विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. हे तपासलं गेलं आहे, आणि विचारल्यावर मुलींना हायसं वाटतं असा माझाही अनुभव आहे. त्या माणसाला एकटं सोडू नका आणि त्याच दिवशी डॉक्टरांपर्यंत पोहोचवा. पीएचक्यू-९ चा नववा प्रश्न हाच आहे.

आता थोडं संस्थांबद्दल, कारण सगळा भार मुलांच्या शिस्तीवर टाकणं मला अन्यायाचं वाटतं. सकाळी आठला लेक्चर लावायचं, आणि ऑनलाइन असाइनमेंट स्वीकारणं रात्री ११ वाजून ५९ मिनिटांनी बंद करायचं. वाचनालय रात्रभर उघडं, मैदान मात्र संध्याकाळी संघातल्या खेळाडूंसाठी राखीव. जिला नुसतं पळायचं आहे, जिंकायचं नाही, तिला जागा नाही. मग वर्षातून एकदा मानसिक आरोग्यावर व्याख्यान ठेवायचं आणि त्यात ‘पुरेशी झोप घ्या’ असं सांगायचं. झोप मोडायची व्यवस्था आपणच वेळापत्रकात करून ठेवली आहे, हे व्याख्यान ठेवणाऱ्यांना दिसत कसं नाही, याचा मला राग येतो.

गुणांचीच काळजी असेल, तर त्याचंही उत्तर आहे. अमेरिकेतल्या एमआयटीमध्ये रसायनशास्त्राच्या वर्गातल्या जवळपास शंभर विद्यार्थ्यांच्या मनगटाला पट्टा बांधून एक सत्रभर झोप मोजली. २०१९ मध्ये ते प्रसिद्ध झालं. परीक्षेच्या आदल्या रात्रीच्या झोपेचा गुणांशी संबंध दिसला नाही. संबंध दिसला तो आधीच्या आठवड्यांतल्या आणि महिन्यातल्या झोपेचा, आणि झोपेच्या नेमाचा. हा निष्कर्ष मी विभागाच्या बैठकीत वाचून दाखवला.

बैठकीत माना डोलल्या, ठराव झाला नाही. मैदानाचं काम मात्र झालं: संध्याकाळी साडेपाच ते साडेसहा बाहेरची कड सगळ्यांसाठी मोकळी राहते, आणि तिथे चालणाऱ्यांत मुलंही बरीच दिसतात. माझ्या विषयाची असाइनमेंट या सत्रापासून संध्याकाळी सहाला बंद होते. सुरुवातीला मुलांनी कुरकुर केली, उशिरा आलेल्या असाइनमेंटही वाढल्या. पण गेल्या महिन्यात दोन सहकाऱ्यांनी येऊन विचारलं, की पोर्टलवर ती वेळ बदलायची कुठून. पुढच्या बैठकीत आम्ही तिघं मिळून आठच्या लेक्चरचा विषय काढणार आहोत.